जूनमधलं रिकामं रान

मामाच्या गावात माझ्या कामाची ओळख आईने करून दिली. एका बारशाच्या जेवणात कुणीतरी विचारलं, पोरगी काय करते, तर आई म्हणाली, "सॅटेलाइटवरून नदीला किती पाणी येणार ते काढते." त्यावर मामा ताटातून मान न उचलता म्हणाला, "मंग आमची डिश बी बघून जा म्हणावं. पाऊस आला की चित्र फाटतंय." पंगतीतले सगळे हसले. मीही हसले. उत्तर मला घरी परत येताना, मोहोळच्या पुढे कुठेतरी सुचलं. माझी उत्तरं नेहमी तिथेच सुचतात.

आमचं ऑफिस सोलापुरात सात रस्त्याजवळ, एका औषधांच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि मी व ताई. ताई माझ्याहून वयाने आणि कामाने मोठी. तिचं घर विणकरांचं. फोनवर आईशी तेलुगू बोलते आणि माझ्याशी मराठीत भांडते. मुख्य ऑफिस पुण्याला. तिथे अख्ख्या भीमा खोऱ्याचा हिशेब चालतो : घाटमाथ्यापासून कर्नाटकच्या हद्दीपर्यंत किती पाऊस पडला, त्यातला किती जमिनीत मुरला आणि उरलेला किती ओढ्यानाल्यांतून नदीला मिळणार. या उरलेल्या पाण्याला पुस्तकात अपधाव म्हणतात. आम्ही रनऑफच म्हणतो.

एवढ्या मोठ्या खोऱ्यात गावोगावी माणूस आणि मोजपट्टी ठेवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून पाऊस उपग्रहाकडून घ्यायचा, जमीन कशी आहे तेही उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवायचं. सगळं खोरं बारीक चौकोनांत कापायचं आणि प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझ्यातून किती वाहिलं? मग सगळ्यांची उत्तरं उताराच्या दिशेने एकात एक मिळवत नदीपर्यंत आणायची. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. चौकोन परत प्रश्न विचारत नाहीत.

माझ्या वाट्याला सीना आली. धरणातून सुटणारं पाणी मोजलेलं असतं, ते सगळ्यांना कळतं. पण धरणाच्या खाली, मधल्या पट्ट्यातले ओढे एकाएकी किती पाणी आणून ओततील ते कुणी मोजत नाही. तेच मी काढते. सरकारचा पुराचा इशारा वेगळा असतो. आमचा नुसता अंदाज, काठच्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणारा. तो मुख्यतः मोटारींसाठी. सीनेच्या काठाला उसाला पाणी देणाऱ्या मोटारी ओळीने बसवलेल्या असतात. पाणी चढलं की त्या बुडतात, आणि आधी वर काढायच्या तर माणसं गोळा करा, दोर बांधा, ट्रॅक्टर लावा, अर्धा दिवस जातो. मामाची मोटर त्याच ओळीत आहे.

गेल्या पावसाळ्याची गोष्ट. जूनच्या शेवटाला वरच्या बाजूला मोठा पाऊस झाला. आमचा अंदाज गेला की सीना चढणार. गावाने मोटारी वर ओढल्या आणि काठावर उभं राहून वाट बघितली. नदी घोट्याएवढीच राहिली. जुलैत पुन्हा तेच. पुन्हा मोटारी वर, पुन्हा नदी जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला.

"काय गं, तुजा उपग्रह लई भित्रा हाय का?"

"मामा, तो अंदाज असतो."

"आसंल की. पर दोनदा वर, दोनदा खाली. माणसं माझ्याकडं बगत्यात, भाची तुमची म्हून. आता तिसऱ्यांदा तुमी खरं जरी बोलला तरी कोण दोर हातात घीत न्हाय बग."

हे तो रागाने बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो सहज बोलला, वर आईला बाजरी पाठवतो म्हणाला आणि फोन ठेवला. मी ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. पण ताईने माझा चहा तसाच गार झालेला बघितला आणि विचारलं, "गावचा फोन होता?" मी मान हलवली. "मग बरोबरच बोलले असतील," ती म्हणाली.

त्या आठवड्यात पुण्याशी व्हिडिओवर मीटिंग झाली. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक आमच्या अंदाजाची, देवळाच्या शिखरासारखी उंच. दुसरी सीनेच्या पुलावर मोजलेल्या पाण्याची, जवळजवळ सपाट. पुण्याचे सर या कामात वीसेक वर्षं आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी दोन्ही रेघा बघितल्या आणि म्हणाले, "सीना जास्त दाखवतेय. सरळ निम्मं कर आणि पुढे चल. सगळीकडे करतात असं."

खरंच करतात. आकडा जुळत नसला तर एका गुणकाने गुणायचं आणि रेघेवर रेघ बसवायची. त्यात खोटेपणा नाही. पण मी त्याआधी मागच्या दोन पावसाळ्यांच्या रेघा काढून बघितल्या होत्या. जून-जुलैत आमचा अंदाज फार जास्त यायचा, आणि सप्टेंबरमध्ये तोच अंदाज नदीशी बऱ्यापैकी जुळायचा. सगळं निम्मं केलं तर जुलै सुधारेल आणि सप्टेंबर बिघडेल. आणि सीनेला पाणी येतं ते सप्टेंबरातच. मोटारी बुडतात त्या तेव्हाच.

हे सगळं माझ्या मनात नीट ओळीने होतं. माझा माइक बंद होता. मी चॅटमध्ये लिहिलं : सर, कारण शोधू का?

"शोध," सर म्हणाले. "पुढच्या मीटिंगपर्यंत. नाही सापडलं तर निम्मं."

मी आधी पावसाच्या आकड्यांवर संशय घेतला, मग उतारावर. दोन्ही ठीक निघाले. राहिली जमीन. जमिनीचा नकाशा आम्हाला तयार मिळतो. जगभराच्या चित्रांवरून बनवलेला, प्रत्येक चौकोनाला एक रंग : शेती, गवत, झाडं, वस्ती, पाणी, ओसाड. सीनेच्या दोन्ही बाजूंना फिक्या पिवळ्या रंगाचे चौकोन पसरले होते. पिवळा म्हणजे ओसाड. ओसाड जमिनीवर पडलेला पाऊस थांबत नाही, वाहून जातो. म्हणून आमचं गणित तिथलं बहुतेक पाणी नदीत ढकलत होतं. मी ते पिवळे चौकोन आठवडाभर बघत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपला जिल्हा कोरडा, असेल ओसाड.

रविवारी आईबरोबर मामाकडे गेले. खिडकीची जागा मिळाली होती. पाऊस रुसलेला, आभाळ नुसतं झाकलेलं. गाडी मोहोळ सोडून आत वळली तसं दोन्ही बाजूंना काळं रान लागलं. रिकामं. पीक नाही, तण नाही, कुळवून सपाट केलेलं. लांबवर एकजण बैलांनी कुळवाची पाळी घालत होता, त्याच्यामागे बगळे चालले होते. हे मी लहानपणापासून बघत आले आहे, म्हणजे कधी बघितलंच नव्हतं. आमच्याकडची ज्वारी पावसाळ्यात पेरत नाहीत. ती रब्बीची, म्हणजे शाळू, गणपती-नवरात्राच्या सुमाराला पेरायची. तोपर्यंत जमीन मुद्दाम मोकळी ठेवायची, पाळ्या घालून तण मारायचं आणि सगळा पाऊस आत साठवायचा. पुढे थंडीत ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते.

मी मोबाइलवर नकाशा उघडला. आमची गाडी पिवळ्या चौकोनांतून चालली होती.

"काय झालं?" आईने विचारलं. माझा चेहरा बदलला असावा.

"आई, हे ओसाड आहे का?"

आईने बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. "डोकं फिरलं का तुझं? ही शाळूची रानं आहेत. भाकरी कुठून येते तुझी?"

गावात पोचल्यावर मी चहा घेतला आणि मामाच्या वरच्या रानात गेले. नदीकाठचा ऊस वेगळा, हे वरचं रान निव्वळ पावसावरचं. मधला भाग कुळवाने सारखा केलेला होता, पण बांधाच्या कडेला, जिथे कुळव पोचत नाही, तिथे जमीन उललेली होती. जुलै संपत आला तरी भेगा मिटल्या नव्हत्या. मी एका भेगेजवळ बसले.

मी दुसरीत-तिसरीत असेन. मे महिन्याच्या सुट्टीत याच बांधावर मी माझ्या कंपासपेटीतली पट्टी एका भेगेत उभी सोडली होती, भेग किती खोल आहे ते मोजायला. पट्टी सरळ आत गेली आणि दिसेनाशी झाली. वरून काठीने, तारेने ढोसून बघितलं, हाताला लागली नाही. आमच्या इंग्रजी शाळेत अशा भेगांबद्दल काही शिकवलं नव्हतं. आमच्या पुस्तकातली जमीन हिरवी असायची, तिच्यावर एक लाल घर असायचं.

मामी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून आली आणि थांबली. "काय सांडलं का गं?"

"नाही मामी. भेगा बघतेय."

"भेगा?" तिने भारा सावरला. "सोलापुरात काय कमी खड्डं हायती, म्हून हितं बगाय आलीस?"

सोमवारी मी ताईला सगळं सांगितलं. या रानांवर पडलेला पहिला पाऊस नदीकडे जातच नाही. तो भेगांत उतरतो. वरून कुळव फिरला तरी खाली भेगा असतातच. त्या भरतात, माती फुगते, भेगा मिटतात. तोवर जुलै जातो, ऑगस्ट जातो. एकदा मिटल्या की तीच माती पाणी आत घेईनाशी होते, आणि मग पडेल तो पाऊस वाहून निघतो. म्हणून जुलैत आमचा अंदाज जास्त आणि सप्टेंबरात बरोबर.

ताईने पेन खाली ठेवलं. "पण खरी बरड जमीन पण आहे की तिकडे. मुरमाची. ती पण पिवळी, ही पण पिवळी. वेगळी कशी करणार? पावसाळ्यात तर ढगच दिसतात."

यावर मी दोन दिवस अडकले. नंतर वाटलं, पावसाळ्यात कशाला बघायचं? जूनमधल्या रिकाम्या रानाची ओळख जानेवारीत पटते. जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं, शाळू उभा असतो. जो चौकोन पावसाळ्यात रिकामा आणि जानेवारीत हिरवा, ते काळं रान. जो बाराही महिने तसाच, तो मुरमाड माळ. मी मागच्या काही वर्षांची जानेवारीची चित्रं उतरवून घेतली आणि चौकोन वेगळे करत बसले. पिवळ्यातून काळी रानं एकेक करून बाहेर यायला लागली. पडद्यावर मंगळवेढ्याकडचा पट्टा दिसला, बार्शीकडचा दिसला, आणि मामाचं वरचं रानही दिसलं, दीड चौकोनाचं. प्रत्येक काळ्या चौकोनाला मी गणितात भेगांची म्हणून एक रिकामी टाकी जोडली. जूनपासूनचा पाऊस आधी त्या टाकीत जाणार, टाकी भरल्यावरच नदीकडे.

गणित पुन्हा चालवलं. जून-जुलैचं शिखर खाली बसलं आणि सप्टेंबर होता तिथेच राहिला. ताई माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिने खाली जाऊन दोन चहा सांगितले आणि मला बिस्किटाचा अख्खा पुडा दिला. त्या ऑफिसात याहून मोठा सत्कार होत नाही.

मीटिंगमध्ये मी पुन्हा चॅटमध्ये लिहायला लागले. सर म्हणाले, "एवढं मोठं चॅटमध्ये नको. बोल."

मी बोलले. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, कॅमेऱ्याकडे न बघता. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पटतंय. पण भेगेत असं किती पाणी मावणार गं?"

आकडा माझ्यासमोर कागदावर होता. पण तोंडातून निघालं, "सर, माझी पट्टी गेली होती."

"कसली पट्टी?"

मग ती गोष्ट सांगावी लागली. पुण्याकडचे एक-दोघे हसले. सरही हसले, पण वेगळं. "मी कोकणातला," ते म्हणाले. "आमच्याकडे जमीन घसरते, ही असली उलत नाही. मी हे बघितलेलंच नाही." मग म्हणाले, "दोन्ही चालवू. निम्मंवालं आणि तुझं, शेजारी शेजारी. ग्रुपवर तूर्त निम्मंवालंच जाईल. दोनदा तोंड भाजलंय आपलं. पावसाळा संपला की ठरवू कुठलं ठेवायचं."

मला वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. ऑगस्टभर रोज सकाळी मी दोन्ही अंदाज उघडून बघत होते. टाक्या हळूहळू भरत होत्या. नदी शांत होती, दोन्ही अंदाज शांत होते.

गणपती गेल्यानंतर वरच्या बाजूला पाऊस झाला. जूनमध्ये झाला होता साधारण तेवढाच. सकाळी दोन्ही अंदाज आले. निम्मंवाल्याने सांगितलं, काही नाही, नदी काठाच्या आत राहील. माझ्याने सांगितलं, उद्या दुपारपर्यंत पाणी मोटारींच्या वर जाईल.

दुपारी जेवताना सरांचा फोन आला. ताईने हातातला घास तसाच ठेवला.

"दोन्ही बघितलेस?"

"हो सर."

"तुझं पाठवलं आणि नदी आली नाही, तर तो ग्रुप संपला. परत कुणी वाचणार नाही. माझं पाठवलं आणि नदी आली, तर मोटारी गेल्या." ते जराही घाईत नव्हते. "रान तू बघितलंयस. मी नाही. काय पाठवू?"

मी पडद्याकडे बघितलं. काळ्या रानांचे चौकोन भरलेले होते, एकूण एक. त्या क्षणी मला माझं गणित नीट आठवत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदमच.

"माझं पाठवा, सर."

"नक्की?"

"भेगा मिटल्यात सर."

मेसेज गेला. ग्रुपवर पाचेक मिनिटं काही आलं नाही. मग कुणीतरी हसण्याचा चेहरा टाकला. आणखी कुणीतरी लिहिलं, परत का? मी उठून गॅलरीत गेले आणि मामाला फोन लावला. मी स्वतःहून फोन फारसा करत नाही, त्यामुळे त्याने पहिल्यांदा विचारलं, "घरी सगळे बरे हायती न्हवं?"

"बरे आहेत. मामा, मेसेज वाचलास?"

"वाचला की. तुज्या उपग्रहाला परत भ्या वाटलं व्हय?"

"मामा, वरच्या रानातल्या भेगा मिटल्यात का?"

"कवाच्या. परवा गेलो तर पाय रुतला, चप्पल आतच ऱ्हायली."

"मग काल वरच्या रानांवर पडलेला पाऊस आता कुठं जाणार?"

मागे रेडकू ओरडत होतं. "ओढ्याला," मामा म्हणाला. "आन ओढा... व्हय की." मग म्हणाला, "हे मागच्या बारीला का न्हाय सांगितलंस?"

"मागच्या वेळी गणिताला भेगा माहीत नव्हत्या. आता मी घातल्यात."

"तू घातल्यास?"

"हो."

"थांब मंग. ट्रॅक्टर कुणाचा मोकळा हाय बगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात लवकर पोचले. पुलावरच्या मोजणीची रेघ आधी सपाट होती. ताई आली तेव्हा ती जराशी उचलली होती. मग चढायला लागली, आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्या अंदाजाच्या जवळून ती वर गेली. अगदी तंतोतंत नाही. नदी माझ्याहून थोडी उशिरा आली आणि थोडी जास्तच आली. पण आली. पुण्याहून सरांनी तीन रेघांचं एक चित्र पाठवलं, खाली एकच ओळ : निम्मं काढून टाकतोय. मी ते चित्र मोठं करून बघितलं, मग ताईने बघितलं, मग तिने माझ्या फोनवरून स्वतःला पाठवून घेतलं. का, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी कळलं की तिने ते तिच्या आईलाही पाठवलं होतं.

दुपार कलल्यावर मामाचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता, माणसांचा गलका होता.

"मोटारीचा खांब बुडला बग. निस्ती वरची पेटी दिसतीया."

"मोटर?"

"मोटर घरात हाय, तुझ्या मामीच्या दळणाशेजारी. वाटंत ठिवली म्हून सकाळधरनं शिव्या खातोय." तो हसला. "ओळीतल्या समद्यांच्या निघाल्या. एकाची ऱ्हायली. तो म्हणला, मी काय तिसऱ्यांदा दोर वडत न्हाय."

"बुडाली त्याची?"

"बुडली. आता हितंच हुबा हाय, माझ्याकडं बगत." मामाने फोन लांब धरून कुणाला तरी काहीतरी सांगितलं. त्यातलं मला एवढंच ऐकू आलं, "भाची हाय. उपग्रह न्हवं, भाचीनं काढलंय." मग तो परत फोनवर आला, आणि त्याचा आवाज कामाचा झाला, जसा तो खताच्या दुकानदाराशी बोलतो तसा.

"बरं, उसाला पाणी द्यायचं पुढं. मोटारी परत खाली कवा सोडू, ते बी सांग."

मी पडद्यावरची पाणी उतरण्याची रेघ बघितली.

"रविवारी," मी म्हणाले. "त्याआधी नको."

"रविवारी," मामाने काठावरच्या माणसांना मोठ्याने सांगितलं आणि फोन ठेवला.